समईसारखा चमकलेला कॅमेरा

कापूस खरेदीच्या आवारात माझ्या समोरच्या दुकानदाराचा डावा डोळा गेला. गर्दीतल्या कोणाचा तरी दगड लागला, असं लोक अजून सांगतात. दगड नव्हता. माझा कॅमेरा होता. पट्ट्याला धरून मी तो गोफणीसारखा फिरवला आणि त्याच्या भुवईखाली हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. तरी मी दुसऱ्यांदा हाणला. पहिल्या फटक्याला राग म्हणता येईल. दुसऱ्याला काय म्हणावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आर्णीहून उमरखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. रस्त्याच्या एका अंगाला माझा फोटो स्टुडिओ, बरोबर समोर त्याचा. त्याचं घराणं कलईवाल्यांचं. आजा गावोगाव फिरून भांड्यांना कलई करायचा, आणि जिनिंगमधल्या एका गोऱ्या साहेबानं देश सोडताना त्याला आपला कॅमेरा देऊन टाकला होता. जर्मन, काळ्या रंगाचा, मुठीत मावेल एवढा. माझा जपानी. मोठा, जड, आत आरसा असलेला.

या दोन देशांच्या कारखान्यांचं वैर आम्ही आमच्या रस्त्यावर आणलं होतं. छोटा कॅमेरा आधी जर्मनांनी केला. जपान्यांनी सुरुवातीला त्याची हुबेहूब नक्कल केली, मग आरशाचा कॅमेरा असा काही सुधारला की जगभरातले बातमीदार तिकडे वळले आणि जर्मन मागे पडले. हे आम्ही दोघंही मासिकांतून वाचायचो आणि गिऱ्हाइकांदेखत एकमेकांवर फेकायचो.

"चोराचा माल हाये तुह्या गळ्यात," तो पायरीवरून ओरडायचा.

"अन् तुह्या गळ्यात हरलेल्याचा," मी म्हणायचो, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या बुडानं भिंतीत खिळा ठोकून दाखवायचो. गिऱ्हाईक हसायचं. तोही हसायचा. लग्नसराईत रोल संपला की आम्ही एकमेकांकडूनच नेत होतो.

मग कापसाची ती वर्षं आली. बोंडअळीनं शेतं खाल्ली, उरलेल्या कापसाला भाव नाही, लग्नं घरच्या घरी उरकू लागली. त्यातच डिजिटल कॅमेरे आले. रोल धुणारं यवतमाळचं दुकान बंद पडलं. त्याला दुकान वाचवायचं होतं, आणि त्यासाठी डिजिटल कॅमेरा घ्यावा लागणार होता. विकण्यासारखी वस्तू त्याच्याकडे एकच होती.

जुने कॅमेरे घेणारा एक व्यापारी नागपूरहून येणार असं कळलं. तो आधी माझ्याकडे थांबला, कारण त्या भागात कॅमेरा उघडून दुरुस्त करणारा मी एकटाच होतो. त्याच्याकडून मला कळलं की हौशी संग्राहकांच्या बाजारात हिशेब उलटा आहे. तिथे हरलेला जर्मन जिंकलेल्या जपान्यापेक्षा कितीतरी महाग. त्यातही काळा रंग दुर्मिळ. हाताळून रंग उडालेला, कडांना पितळ दिसणारा असेल तर आणखी मोल. "फक्त हात लावू नका म्हणावं," तो म्हणाला. "पुसायचासुद्धा नाही. म्हातारपणाचेच पैसे आहेत. आज मला उमरखेड गाठायचंय. मी परवा येतो, निरोप तेवढा द्या."

माझा कॅमेरा त्यानं उचलून पाहिला आणि परत ठेवला. असे खूप येतात, म्हणाला.

त्याच दुपारी मी रस्ता ओलांडून समोर गेलो.

"परवा येऊन राह्यला तो," मी म्हणालो. "पण असा काळामिट्ट कॅमेरा दाखवशीन काय त्याले? घासून-पुसून ठेव. पाहुण्यापुढं मळकं भांडं ठेवते का कोणी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "रंग निघन ना, यार."

"निघू दे. आत पितळ हाये. तू कलईवाल्याचा नातू, तुले म्या शिकवू?"

ते त्याला पटलं. आमच्याकडे सणाला, पाहुण्याला भांडं घासून चकचकीत करतात, आणि त्याच्या घरात तर ती विद्या होती. त्यानं लेन्स काढून ठेवली, चिंच, राख आणि काथ्या घेतला आणि आजाच्या हातानं घासावं तसं त्या कॅमेऱ्याला घासलं. अक्षरांच्या खाचांतला पांढरा रंगसुद्धा राहिला नाही. मी माझ्या दुकानातून पाहत बसलो होतो. उठून थांबवायला रस्ता काही रुंद नव्हता.

ठरल्या दिवशी व्यापाऱ्यानं कॅमेरा हातात घेतला आणि आधी हसलाच. "अहो, ही तर समई केली तुम्ही!" मग त्याच्या लक्षात आलं की हा माणूस थट्टा करत नाही. त्यानं कॅमेरा मेजावर ठेवला. "पुसायचा नाही, असा निरोप दिला होता ना मी? समोरच्यांजवळ?"

हे मला नंतर कळलं. त्या घटकेला मी दुकानात नव्हतो. खरेदी केंद्रावर गडबड आहे असं ऐकून मी कॅमेरा घेऊन तिकडे गेलो होतो, पेपरला फोटो मिळेल म्हणून. कापसाच्या गाड्यांचं वजन तिसऱ्या दिवशीही झालं नव्हतं. कोणी तरी ऑफिसची खिडकी फोडली, आतून कोणी काठी घेऊन आलं, आणि मग आवारभर मारामारी पेटली. बैल दावी तोडत होते. एक माणूस गाडीच्या चाकाजवळ तोंडावर पडलेला मी पाहिला. त्याच्या पाठीवरून लोक धावत होते. सांडलेल्या कापसावर रक्त लगेच पसरत नाही, आधी आत मुरतं.

त्या गर्दीतून तो माझ्याकडे आला. हातात काही नव्हतं.

"काहून केलं तू असं? काहून?" त्यानं माझी कॉलर धरली. "चोराचा माल वापरून चोरच झाला तू!"

रोज हसून ऐकलेली शिवी. त्या दिवशी ती खरी होती म्हणून सहन झाली नाही. पुढचं मी वर लिहिलं आहे. तो कोसळला आणि मी आरडाओरडा केला, "फोटोग्राफरले मारलं! दगड मारला!" माझाच आवाज. लेन्सच्या कडेचं रक्त मी कापसानं पुसलं.

पोलिसांनी जवळच्या एका गाडीवानाला उचललं. त्याला माझ्यासमोर गाडीच्या जूवर आडवं पाडून मारलं. उजवा हात कोपरात उलटा वळला तेव्हा तो बैलासारखा हंबरला. "साहेब, माह्या हातात कासरा होता, कासरा!" मी तिथे उभा होतो.

यवतमाळच्या दवाखान्यात मी डोळा गेलेल्या माझ्या त्या समोरच्या मित्राच्या खाटेशी बसलो. जबाब घ्यायला आलेल्या शिपायाला तो म्हणाला, "म्या पाह्यलं नाई कोणाले." शिपाई गेल्यावर मला वाटलं, सुटलो. त्यानं उरलेला डोळा माझ्यावर रोखला. "माफ केलं समजू नको. तू जेलात गेला तं माह्या समोरचं दुकान रिकामं होईन. तू तिथंच बसजो. मी पाहत जाईन तुले."

आणि तो खरंच पाहत राहिला, मरेपर्यंत. मी दोनदा दुकान हलवायला निघालो आणि दोन्ही वेळा कुलूप परत उघडलं. त्याला मात्र आपण मुकाट राहिल्यानं त्या गाडीवानाचं काय झालं, हे कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. मी ते सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात मी त्या गाडीवानाच्या गावी गेलो. हात अजून वाकडाच आहे. मी सगळं सांगितलं. त्यानं डाव्या हातानं माझ्या तोंडात मारली. माझा दात हलला. पुन्हा मारली. मी हात वर केला नाही.

"आता कायले आला? मरायच्या आधी हलकं व्हायले?" तो धापा टाकत म्हणाला. "मले सांगून काय करू? मले मालूमच हाये म्या मारलं नाई. ज्यायले मालूम नाई त्यायले सांग. माह्या पोराले अजून लोक डोळेफोड्याचा पोरगा म्हणते."

म्हणून हे लिहिलं. त्या गाडीवानाच्या हातात कासरा होता. कॅमेरा माझ्या हातात होता.