नाती सोडून सांगा

सेनगावच्या आमच्या कॉलेजात मानसशास्त्र विभागाला एक खोली आणि एक कपाट मिळालंय. कपाटातलं प्रयोगाचं साहित्य दरवर्षी कमी होत जातं, किस्से तेवढे वाढतात. विभागात आम्ही दोघंच, प्रमुख पतंगे सर आणि मी. दोघांपैकी एकाला जरी गप्प बसता आलं असतं तरी एवढा साठा झाला नसता.

*

हिंगोलीहून जीपने येताना शेजारच्या माणसाने विचारलं, "बाई, काय शिकवता?"

"मानसशास्त्र."

"म्हंजे मनातलं वळखता?"

"नाही हो, तसं काही नसतं."

तो माझ्यापासून जरा सरकला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "भाऊ, मला मागं बसव. न्हाई म्हनून राहिल्या, पन उगं कशाला."

*

पतंगे सरांचा आवडता विषय म्हणजे ‘स्व’. "लोक काय म्हणतील हा विचार सोडा, स्वतःला ओळखा," असं ते टेबलावर हात आपटून सांगतात.

हेच सर औंढ्याला एका विद्यार्थ्याच्या लग्नाला गेले आणि चुकून शेजारच्या मंगल कार्यालयात शिरले. दारातच नवरदेवाकडच्यांनी "नवरीचे मामा आले" म्हणत त्यांना फेटा बांधला. नवरीकडच्यांना वाटलं, मामा अजून पोचले नाहीत म्हणून नवरदेवाकडच्यांनी त्यांचा माणूस उभा केला असेल. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणायचं, म्हणून सर मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरीच्या पाठीशी उभे राहिले.

खरे मामा गाडी बिघडून वारंगा फाट्यावर अडकले होते. ते पोचले तेव्हा पंगत बसली होती आणि सर वाढत होते. मामांच्या पानात जिलबी टाकत म्हणाले, "घ्या हो, लाजू नका. आपलंच कार्य आहे."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी पुन्हा ‘स्व’च शिकवला.

*

शोभा आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. लग्न झालेली, जवळच्या खेड्यातून जीपने यायची. मला ती फार आवडते. तिला वर्गात शंका येतात, बाकीच्यांना झोप येते.

आमच्या प्रयोगांना बाहेरचा एक माणूस लागतो. एकदा तो माणूस आलाच नाही. शोभाचे चुलत सासरे, आबा, बाजाराला आले होते आणि सहज कॉलेजात डोकावले. पतंगे सरांनी त्यांनाच बसवलं.

प्रयोग साधा होता. कार्डावर लहानमोठ्या रेघा, त्यातली सगळ्यात लांब कुठली ते सांगायचं. सगळ्या पोरांनी मुद्दाम एकच चुकीचं उत्तर द्यायचं आणि शेवटी बसलेला माणूस त्यांच्या मागे जातो का ते बघायचं. सरांनी कार्ड दाखवलं. पहिला पोरगा उठला, आबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आबा, तुमी आधी सांगा." वडीलधाऱ्यांच्या आधी तोंड उघडायला कुणी तयार होईना.

"मधली," आबा म्हणाले. उत्तर बरोबर होतं.

"आबा म्हनतेत तीच," अख्खा वर्ग म्हणाला.

सरांनी मग प्रयोगाचा खरा हेतू समजावून सांगितला. आबांनी खांद्यावरचा रुमाल झटकला आणि उठले. "म्हंजे तुमी लेकरांला एका सुरात खोटं बोलायला शिकवून राहिले?"

ही बातमी शोभाच्या आधी घरी पोचली.

*

तेव्हापासून शोभाची सासू, कौसाबाई, तिचं कॉलेज बंद करायच्या मागे लागली. शोभाला पदवी हवी होती, सासूला तुरीच्या कामाला माणूस हवं होतं. शोभा रडकुंडीला आली. मी तिला पुस्तकातला उपाय सांगितला, कौतुक कर, माणूस मवाळ होतो.

तिने त्या संध्याकाळी सासूच्या भाकरीचं कौतुक केलं, मग चालण्याचं, मग आवाजाचं.

तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी निरोप आला. "बाईला म्हनावं, माह्यावर पर्योग करू नको. आन् भाकर तर मी नीटच करत असते."

*

शेवटी एका सकाळी कौसाबाई स्वतःच वर्गाच्या दारात. "आज हिचा शेवटचा दिस. नाव काढून टाका." शोभा खाली मान घालून बसलेली.

त्या दिवशी ‘मी कोण?’ हा प्रयोग चालू होता. समोरच्या माणसाने ‘मी’पासून सुरू होणारी वाक्यं सांगत जायची. मी म्हटलं, "आलाच आहात तर बसा, शोभाचा एवढा प्रयोग होऊन जाऊ द्या."

कौसाबाई पदर सावरून बसल्या. "मी गजाननाची माय. मी हिची सासू. मी आबाची भावजय. मी मोठ्या घरची सून. हाय काय त्याच्यात?"

"नाती सोडून सांगा," पतंगे सर म्हणाले.

"सोडून?"

"हो. नुसतं तुमच्याबद्दल."

"मी," कौसाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "मी..."

तास संपला. पोरं गेली. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून थकला. शोभाने पिशवी उचलली. "चला आत्या, जीप जाईन."

"थांब जरा."

सर खिडक्या लावायला लागले तेव्हा कुठे त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"बाई, हिचं नाव काढू नका एवढ्यात. उद्या हिच्यासंगं मी बी येते. माहं उत्तर राह्यलंय."