भिंतीवरची उष्टी रोटी

ताश्कंदच्या जुन्या शहरातल्या त्या गल्लीत बिल्डरने अकरा घरं पाडली, बारावं काही पडेना. त्यात सानोबर खाला, म्हणजे सगळ्या गल्लीची मावशी, राहत होती. वय सत्तरीला टेकलेलं, तोंडात सोन्याचे चार दात, आणि जीभ दातांहून धारदार. ती लहान असताना मोठ्या भूकंपात मोहल्ला भुईसपाट झाला. बापाने ढिगाऱ्यातून आधी पोरं काढली, मग पडक्या जागीच नवा तंदूर थापला. त्या तंदुरात रोट्या लावण्यात तिचा जन्म गेला. असल्या बाईला बिल्डरचा माणूस काय हलवणार!

तरी तो माणूस, फर्रुख, दर आठवड्याला यायचा, चहा प्यायचा, गोड बोलायचा.

"खाला, सातव्या मजल्यावर फ्लॅट देतोय. लिफ्टसुद्धा आहे."

"मग तंदूर कुठे मांडू, लिफ्टमध्ये?"

"सगळ्यांनी सह्या केल्या, खाला."

"सगळ्यांच्या भिंतीवर रोटी नव्हती."

खिळ्याला टांगलेली ती रोटी वाळून लाकूड झाली होती. खालाचा मुलगा दोनियोर सहा वर्षांपूर्वी मॉस्कोला कामाला गेला, तेव्हाचा त्याचा एक घास तिच्यात कमी होता. तिथली रीतच तशी: जाणाऱ्याने घास घ्यायचा, उरलेली परत येऊन संपवायची, आणि तोवर तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. फर्रुखच्या आईनेही त्याच्यासाठी अशी रोटी टांगली होती. म्हणून एवढा बोलघेवडा गडी, पण त्या भिंतीपुढे त्याची बोलती बंद व्हायची.

त्या सकाळी मात्र तो पाडकामाचं यंत्र घेऊनच आला, आणि त्याने फोन तिच्या कानाला लावला. पलीकडे दोनियोर होता.

"आई, सही करून टाक. मी आता येत नाही. बायकापोरं इथेच आहेत. ती रोटी काढ."

खालाने भिंतीवरच्या रोटीकडे पाहिलं.

"जेवलास का?"

"हो."

"मग ठेव."

फर्रुख हळूच म्हणाला, "आता काढता येईल ना, खाला?"

ती उठली. रोटी काढून तिने डोक्याच्या रुमालाने पुसली, दुसऱ्या कडेला दात रोवले आणि कडाड्‌कन तुकडा तोडला. चावताना डोळ्यांतून पाणी आलं. ते तिने लपवलं नाही. मग रोटी होती तिथे परत टांगली आणि पिशवी उचलली.

"खाला, हे काय? कुठे निघालात?"

"बाजारात. मी येईपर्यंत हात लावून तर बघ! आणि बाजारात मी रोज जाते."

फर्रुख भिंतीकडे बघत उभा राहिला. मग त्याने बाहेर जाऊन यंत्र बंद करायला सांगितलं.