जोडीतला एकच जेट

माझ्या नवऱ्याकडे पाहिलं की लोकांना शांत वाटतं. माझ्या डोक्यात तिडीक जाते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, अजून जाते.

लोवेल स्टॅम्पर त्याचं नाव. इथे ओक्लाहोमात आमच्या काउंटीच्या शाळेच्या बसगाड्या तो दुरुस्त करतो आणि शनिवारी आमची एकाहत्तर सालची नोव्हा शर्यतीच्या धावपट्टीवर घेऊन येतो. गाडी बांधतो तो, चालवते मी. एकदाच तो स्वतः चालवायला बसला होता. दिवा हिरवा झाल्यावर तो खरंच हिरवा आहे ना, हे बघून मग निघाला.

नोव्हाच्या डिकीत नायट्रसची बाटली आहे. नायट्रसला आम्ही नुसतं गॅस म्हणतो. बटण दाबलं की इंजिनात गॅस शिरतो आणि त्याच्या जोडीला जादा पेट्रोल, की गाडी उसळून पळते. किती शिरायचं ते दोन बारीक पितळी जेट, म्हणजे भोक पाडलेल्या चकत्या, ठरवतात, एक गॅसचा, एक पेट्रोलचा. गॅस वाढवला तर पेट्रोलही वाढवायचं. नुसता गॅस वाढवला तर पिस्टन वितळतो. हे धावपट्टीवर सरबत विकणाऱ्या बाईलाही ठाऊक आहे.

लोवेल हे जेट गोळ्यांच्या डबीत ठेवतो, आठवड्याच्या वारांची असते तसल्या. सोमवारच्या खणात सगळ्यात लहान जोडी, रविवारी सगळ्यात मोठी. चार वर्षं आम्ही मंगळवारवर होतो. चार वर्षं. प्रत्येक धाव झाली की हा इंजिन तिथल्या तिथे बंद करायला लावणार, आठही प्लग काढणार, भिंग लावून त्यांचा रंग बघणार आणि म्हणणार, "अजून थोडं थांबू."

बाटली गरम करायला त्याने विजेचं पांघरूण आणलंय. दाबाचा काटा नऊशेच्या वर जाईपर्यंत तो तिच्यापाशी बसून राहतो. आमच्याविरुद्ध धावणारा बक टॅलीफेरो मात्र सरळ ब्लोटॉर्चची ज्योत आपल्या बाटलीवर धरतो. तेव्हा लोवेल त्याला एकदाच सांगतो, "फुटेल ती, बक." मग आपली खुर्ची उचलून लांब नेऊन ठेवतो. सगळे हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

या बकने मला तीनदा अंतिम फेरीत हरवलं होतं. तिन्ही वेळा गाडीच्या नाकाएवढ्या अंतराने. आणि या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरने मला स्पष्ट सांगितलं की पुढच्या हंगामात गाडी चालवायची नाही. नजरेच्या मधोमधचं दिसणं जात चाललंय. म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार ही माझी शेवटची शर्यत. बकला एकदा मागे टाकायचं, एवढंच मला हवं होतं.

त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघे पुन्हा अंतिम फेरीत आलो. बक मुद्दाम आमच्या तंबूपाशी आला.

"काय गं मार्वा, आज कुठला वार?"

"तुझं काय जातंय?"

"माझं काही नाही बाई. पण या म्हाताऱ्याचा बुधवार उजाडेपर्यंत आपण सगळे स्मशानात असू."

लोक खदाखदा हसले. लोवेलही हसला. तिथेच माझं डोकं फिरलं.

"बुधवार लाव," मी त्याला म्हटलं.

"बघू."

"बघू काय? माझ्याकडे पुढचा शनिवार नाहीये, लोवेल."

"माहीत आहे गं," तो म्हणाला आणि काही न सांगता कुठेतरी निघून गेला. बुधवारचा खण मी स्वतः उघडला. गॅसचा जेट बदलला. पेट्रोलच्या जेटचा नट जाम झाला होता, पाना सारखा घसरत होता, आणि भोंग्यावर आमची नावं पुकारली. मी तो तसाच सोडला. कळत नव्हतं म्हणून नाही. सगळं कळत होतं. एक धाव निभेल, असं मी मनाला बजावलं आणि गाडी रांगेत नेली.

बाटलीची झडप नेहमी शेवटच्या क्षणी लोवेल उघडतो. डिकी बंद करतो, तिच्यावर दोन थापा मारतो, मग मी निघते. तो धापा टाकत धावत आला. दोन थापा ऐकू आल्या. दाबाचा काटा मला धड दिसतच नव्हता. दिवा हिरवा झाला, मी बकच्या आधी निघाले, बटण दाबलं.

गाडी गुदमरली. नुसतं पेट्रोल ओतलं जात होतं, मागे काळा धूर. गॅस नव्हताच. बक माझ्या बाजूने निघून गेला.

परत आले ती हेल्मेट फेकतच.

"झडप उघडली नाहीस तू. थापा मारल्यास आणि उघडली नाहीस."

"नाही उघडली."

"माझी शेवटची शर्यत होती, मेल्या."

"म्हणून तर तुला थांबवलं नाही. थांब म्हणून हात केला असता तर निघताच आलं नसतं तुला."

त्याच्या एका हातात डबी होती. बुधवारच्या खणात पेट्रोलचा जेट एकटा पडला होता.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर खोटं बोलली असतीस."

मला त्याला मारावंसं वाटलं. त्याच्या दुसऱ्या हातात शर्यतीच्या पेट्रोलचा भरलेला डबा होता. मंगळवारला ते महागाचं पेट्रोल लागत नाही. मी बॉनेट उघडलं. प्लग नवे होते, थंड जातीचे, मोठ्या जेटला लागतात तसले. ठिणगीच्या टायमिंगची खूणही त्याच हिशेबाने दोन अंश मागे सरकवलेली होती, त्यावर त्याच दिवसाची तारीख खडूने लिहिलेली.

"बुधवार लावणार होतास?"

"हो."

"मग सांगायला काय झालं होतं तुला?"

"पेट्रोल मिळेल की नाही ठाऊक नव्हतं. उगाच आशा कशाला लावायची?"

आता हंगाम संपला, माझं चालवणं संपलं. इंजिन मात्र जसंच्या तसं आहे. गावात कुणी विचारलं तर लोवेल सांगतो, "झडप उघडायला विसरलो." लोक अजून त्याला चिडवतात. बक तर त्याला रोज सकाळी कॉफीच्या दुकानात, सगळ्यांसमोर, घराचं दार उघडून आलास का म्हणून विचारतो. लोवेल हसतो. मी शेजारीच बसलेली असते, आणि तोंड उघडत नाही.