फकीर पोरांसाठी गुळाचा गोळा

कोगनोळीच्या अलीकडं आमचं गाव. मोहरमाला गावात पीरांचे पंजे बसत. पोर मोठ्या दुखण्यातून उठलं की आई नवस बोलायची, ह्याला पीराचा फकीर करीन. मग ते पोर, हिंदूचं असो की मुसलमानाचं, गळ्यात रंगीत नाडा नि खांद्याला झोळी घेऊन पाच घरं मागायचं. संगं हलगी, आणि अंगावर पट्टे ओढून वाघ झालेली पोरं. लोक झोळीत पसाभर जोंधळे घालत. माझ्या बायकोला ते पटायचं नाही. जोंधळे आईच्या जात्यात पडतात, दुखणं सोसलं पोरानं, त्याच्या तोंडात काय पडलं, असं ती म्हणायची. म्हणून ती शेंगदाण्याच्या कुटात गूळ घालून मुठीएवढा गोळा वळायची नि पोराच्या हातातच द्यायची.

लढाईच्या काळात ती वारली. त्यानंतरचा पहिला मोहरम आला, तेव्हा महिना-दीड महिनाच झाला होता. माझी थोरली बहीण, आक्का, घर सांभाळायला आलेली. सांभाळायला कसली, मला धाकात ठेवायला. माझ्या बायकोची लुगडी तिनं मला न विचारता वाटून टाकली. ते मी गिळलं. पण मी शेंगा फोडायला बसलो तशी म्हणाली, वर्षभर ह्या घरातनं गोड बाहेर जायचं नाही, लोक तोंडावर थुंकतील. जोंधळे घाल नि दार लावून घे. शेजारणीनं मध्येच तोंड घातलं, दुकानातले बत्तासे द्या म्हणून. बत्तासे. तोंडात धरले की गायब.

मी म्हणालो, "आक्का, मोहरम म्हंजे तरी काय हाय? मेलेल्यांसाठी रडणंच न्हवं? त्यांचं रडणं चालतंय, आन माझा तेवढा इटाळ?"

"बायकूसंगं तुझी अक्कल बी गेली," म्हणून ती उठली.

शेंगदाणे भाजले, उखळात कुटले. गोळा काही वळेना. इतकी वर्षं खाल्ला, पण बायको कसा करते ते कधी बघितलं नव्हतं. उखळाला शिव्या दिल्या, गुळाला दिल्या, मग तिला दिल्या. मरायच्या आधी एवढं सांगून जायला काय झालं होतं? शेवटी कसेबसे दाबून पाटीभर ढिले गोळे केले.

दुसऱ्या दिवशी हलगी गल्लीत शिरली आणि आमच्या घराजवळ येताच वाजायची थांबली. पोरं समोरच्या भिंतीला लागून गुपचूप पुढं निघाली. आयांनी शिकवून पाठवलेली. माझं डोकं फिरलं. पाटी काखेत मारून रस्त्यात गेलो नि एका वाघाची शेपटीच धरली.

"का रं, ह्ये घर दिसत न्हाय? हितं कोण मेलंय?"

वाघ खाली बघायला लागले. शेंबूड पुसत एक बारका फकीर म्हणाला, "आज्जी."

दीड महिन्यात कुणी मला असं सरळ सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे सुटली, सोनं झालं, सवाष्ण गेली, नशीबवान. त्या प्रत्येकाच्या थोबाडीत मारावी वाटायची.

"व्हय," मी म्हणालो. "हात कर फुडं."

गोळा त्याच्या हातावर पडताच फुटला. त्यानं तसाच तोंडात कोंबला नि म्हणाला, "आज्जीवानी घट्ट न्हाय."

"न्हाय," मी म्हणालो, आणि पाटी संपेपर्यंत वाटत राहिलो. आक्का दारातून बघत होती. हलगीवाला तिच्याकडं बघत हलगी नुसती धरून उभा.

"वाजव," मी त्याला म्हणालो.

त्यानं वाजवली, पण दबकत, बोटांनी.

"जोरात वाजव. माझ्या दारात वाजव."