आत्या, खुर्ची आणि चार कप्प्या

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा सातपूरच्या कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं आमच्या घरी गठ्ठ्यांनी यायची. बाकीची मुलं ‘ससा’ वाचत होती तेव्हा मी ‘निलंबित’ न अडखळता वाचायचे. त्याच कागदांतून एक गोष्ट माझ्या अंगात भिनली, की एकट्याने काही उचललं जात नाही, सगळ्यांनी मिळून हात लावला की काहीही उचललं जातं. हे मी आजही मानते. पण मागच्या रविवारी त्यापायीच मी एका छताला लटकले होते.

आमच्याकडे यंत्रांचं एक संग्रहालय आहे. तिथे प्रत्येक वस्तूला हात लावायचा, फिरवायचं, ओढायचं, असाच नियम आहे. मला तो फार न्याय्य वाटतो. या शहरात किती घरांचं पोट यंत्रांवर चालतं, आणि त्या घरांतल्या पोरांना यंत्र दिसतं ते कारखान्याच्या गेटबाहेरून, तेही वॉचमनने हाकलेपर्यंत. त्यामुळे भाचीने तिकडे जायचा हट्ट धरला तेव्हा मी आनंदाने तयार झाले. हट्टाचं कारण मला नंतर कळलं.

भाची तिसरीत आहे. कप्पीमुळे ओझं हलकं होतं हे बाईंनी शिकवल्यावर तिने भर वर्गात जाहीर केलं होतं, की मी माझ्या आत्याला एकटीने उचलून दाखवेन. त्यावर तिच्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, “तुझ्या आत्याला जेसीबी लागेल.” अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून शाळेत भाचीचंच नाव जेसीबी पडलं होतं. ते पुसायचं तर उचलून दाखवणं भाग होतं, आणि तेही त्याच मैत्रिणीसमोर. म्हणून तिलाही आम्ही सोबत घेतलं. माझं वजन हा माझा खासगी प्रश्न आहे, त्यावर मी पत्रक काढणार नाही.

छताजवळच्या चार कप्प्यांना टांगलेली एक खुर्ची होती. तिच्यात एकाने बसायचं, दुसऱ्याने खालून दोर ओढायचा. दोर सोडला तरी खुर्ची पडू नये म्हणून खटका होता, आणि खाली आणायला भिंतीपाशी दांडा. दांड्यापाशी निळा अ‍ॅप्रन घातलेली एक ताई उभी होती. तिने मला पट्टा बांधला.

“हलू नकोस,” भाची म्हणाली.

“पडणार नाही ना गं?”

“पडलीस तर मला कळेल.”

तिने दोर ओढला. खुर्ची जमिनीपासून चार बोटं सुटली. मग वीतभर. भाचीचा चेहरा लाल झाला आणि ती श्वास घ्यायला थांबली. मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर कुणीतरी राबतंय आणि आपण नुसतं बघतोय, हे आमच्या घरात कधी झालेलं नाही. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “जोर लगाके...”

“हैशा,” मागे पाळीची वाट बघत उभ्या असलेल्या रांगेतून उत्तर आलं.

पुढचं आवरणं माझ्या हातात राहिलं नाही. सगळी रांग मोडून दोराला भिडली. मैत्रीण सर्वांत पुढे. मी अशी वर गेले की छताला डोकं लागायचंच बाकी राहिलं. खाली टाळ्या पडल्या. भाचीने तेवढी हाताची घडी घातली.

“हे धरायचं नाही,” ती म्हणाली.

“नाहीच धरणार,” मैत्रीण धापा टाकत म्हणाली. “अर्धी तर मी उचलली.”

“पाव.”

“अर्धी. तू थांबलीच होतीस, जेसीबी.”

मी वरून समजावलं, “अगं, सगळ्यांनी मिळून उचललं, हेच तर खरं...”

“मला सगळ्यांनी मिळून नको होतं.”

मी ताईला खाली घ्यायची खूण केली. ताई दांड्याकडे वळली, तशी भाची दोन्ही हात पसरून तिच्या आडवी उभी राहिली.

“आधी मागण्या.”

“कसल्या मागण्या गं?” ताईने विचारलं.

“लेखी द्यायच्या असतात, पण आत्ता कागद नाहीये.” मग तिने मान वर करून मला सुनावलं. “मी पुन्हा एकटीने ओढणार. कुणी दोराला हात लावायचा नाही. आणि आत्याने तोंड उघडायचं नाही, शाब्बाससुद्धा म्हणायचं नाही.”

“पहिल्या दोन मान्य,” मी म्हटलं. “तिसरी दडपशाही आहे.”

“मग बस तिथेच.”

“पहिल्या दोन आत्ता घे, तिसरीचं घरी बघू.”

“आजोबा म्हणतात, अर्धवट तोडगा घ्यायचा नाही.”

माझेच वडील माझ्यावर उलटले होते. मी तिसरीही मान्य केली. ताईने मला खाली आणल्यावर भाचीने रांगेतल्या सगळ्यांना हात डोक्यावर ठेवायला लावले. नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांनीही मुकाट्याने ठेवले.

ती पुन्हा ओढू लागली. मघाच्याच वीतभर उंचीवर येऊन थांबली. तिने तळहात फ्रॉकला पुसले. माझ्या घशाशी घोषणा येऊन उभी राहिली होती, मी ओढणीचं टोक दातांत धरलं. खाली डोक्यावर हात घेऊन उभी असलेली रांग एखाद्या पकडलेल्या टोळीसारखी दिसत होती. मग खुर्ची हलली. हातावर हात टाकत भाचीने मला वर नेलं, इतकं की मला तिच्या केसांतला भांग वरून दिसायला लागला.

मैत्रिणीने खुर्चीखाली वाकून मी कुठे पाय टेकवलाय का ते तपासलं. खुर्चीला फेरी मारली.

“उचलली,” ती म्हणाली.

“एकटीने?”

“एकटीने. सोमवारी सांगेन सगळ्यांना.”

परतीच्या बसमध्ये दोघी एकाच सीटवर बसून वर्गात काय सांगायचं ते ठरवत होत्या. खुर्ची सांगायची, कप्प्या सांगायच्या, डोक्यावर हात ठेवलेले आजोबा सांगायचे.

“आणि आत्या शेवटपर्यंत गप्प होती,” मैत्रीण म्हणाली.

भाचीने माझ्याकडे बघून जरा विचार केला.

“ते नको सांगूस,” ती म्हणाली. “मग बाकीचंही कुणाला खरं वाटणार नाही.”