महिपत पेंटरच्या बाहुल्या

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एके काळी नवी होडी पाण्यात सोडायची तर नारळ, पेढे आणि महिपत पेंटर एवढं हजर लागायचंच. होडीच्या तोंडाशी नाव काढावं तर त्यानेच. हात असा की रंग ओला असतानाच मालक खूश. पण माणूस महा तिरसट! कोणी म्हणालं, "महिपतशेट, जरा मोठं काढा की नाव," तर म्हणायचा, "होडी मोठी घे, नाव आपोआप मोठं होईल." लोक हसायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यालाच बोलवायचे.

मग रत्नागिरीत फ्लेक्स आलं. रामआळीतल्या त्याच्या गाळ्यात ब्रश डब्यातल्या डब्यात वाळून काठ्या झाले. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. महिपतने आधी यच्चयावत जगाला शिव्या घातल्या, मग कुठूनसा एक जुना कॉम्प्युटर आणला आणि वाढदिवसांचे, उद्घाटनांचे फ्लेक्सच बनवायला लागला. पोट कोणाला चुकलंय?

घरात माणसं दोनच, तो आणि त्याची लेक योगिनी. योगिनी दोन वर्षांची असताना तिची आई काविळीने गेली. पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलताही येईना. सगळ्यांनी सांगितलं म्हणून त्याने तिला लांबच्या एका शहरात अशा मुलांच्या शाळेत नेऊन घातलं. तिथे ओठ बघून शिकवायचे, आणि हात हलवले की हात पाठीमागे धरायला लावायचे. पोरगी तापाने फणफणून परत आली. महिपत म्हणाला, "हिचे हात बांधणाऱ्याच्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नाय." आणि नाहीच ठेवला. तिला आपलं नाव तेवढं लिहिता येई, बाकी अक्षरओळख बेताचीच.

पण बोलायची म्हणाल तर अखंड! बापलेकीने आपली आपण एक हातांची बोली तयार केली होती. मासा, भात, ताप, भीती, शेजारचा कुत्रा, लाईट गेले, सगळ्याला खूण. महिपतची थोरली बहीण हौसा हर्णैला दिलेली. नवरा समुद्राने नेला, मूलबाळ नाही, बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मासळी घेऊन विकायची. तिची खूण म्हणजे डोक्यावर टोपली धरल्यासारखे दोन हात आणि भांडल्यासारखं वासलेलं तोंड. हौसाला ते कळलं तेव्हा ती म्हणाली, "बापावर गेलीय मेली," आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

दोन हजार चार साली महिपतचं पोट दुखायला लागलं. आधी ओवा, मग गोळ्या, मग कोल्हापूर. तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, पावसाळा काढाल, दिवाळीचं सांगता येत नाही. महिपत एस्टीने घरी आला आणि त्याने हौसाला बोलावून घेतलं.

"आक्का, मरणाचं काय नाय गो," तो म्हणाला. "पण मी गेल्यावर ही काय बोलते ते कोणाला कळणार? दुखलं तर सांगेल कोणाला?"

हौसा म्हणाली, "मी हाय ना. मला शिकव."

बोलणं सोपं होतं. चार दिवस यावं, वीसेक खुणा शिकाव्यात, हर्णैला जाऊन मासळीच्या मागे लागावं, आणि परत येईपर्यंत पाटी कोरी. लिहून ठेवावं तर हौसाला वाचता येत नव्हतं. फोटो काढून बघितले. पण बोटं एकामागे एक लपायची, योगिनी एका जागी उभी राहायची नाही, आणि महिपतला आपले स्वतःचे फोटो नको होते. "हे असलं खंगलेलं भूत पोरीने जन्मभर बघायचं?" म्हणून त्याने ते फाडून टाकले.

तेव्हा त्याला कॉम्प्युटरमधल्या बाहुल्या आठवल्या. कॉम्प्युटरच्या एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत त्यांचा प्रोग्राम होता. पडद्यावर माणूस उभा करायचा, त्याची मान वळवायची, कोपर वाकवायचं, बोट न् बोट हलवायचं, पुढून-मागून फिरवून बघायचं, आणि मग कॉम्प्युटरला सांगायचं, आता याचं चित्र काढ. रेंडर म्हणतात त्याला. गिऱ्हाईक नसलं की महिपत त्या बाहुल्यांना होडीत बसव, जाखडी नाचायला लाव, असले उद्योग करायचा. आता त्याने ठरवलं, योगिनीची एकूण एक खूण बाहुलीकडून करवून घ्यायची आणि छापून हौसाला द्यायची.

पहिल्याच दिवशी हौसा किंचाळली. पडद्यावर टक्कल असलेली, अंगावर सूतभर कपडा नसलेली बाई उभी. "मेल्या महिपता! मरायला टेकलास नि ही थेरं?" म्हणत तिने टॉवेल काढून मॉनिटरवर टाकला.

"अगो आक्का, त्या येतातच तशा! केस वेगळे, कपडे वेगळे, सगळं आपण घालायचं."

शर्ट घातला तर नवीन घोळ. हात वर केला की काखेतली कातडी शर्ट फाडल्यासारखी बाहेर. त्याला उपाय असा की शर्टाच्या आतलं अंग दिसेनासं करून टाकायचं. छाती, पोट, दंड, एकेकावर जाऊन "दिसू नकोस" म्हणायचं.

"म्हंजे आत माणूस नाय? नुसता शर्ट?" हौसाने विचारलं.

"नुसता शर्ट. माझ्यासारखाच," आपल्या ढगळ झालेल्या सदऱ्याकडे बघत महिपत म्हणाला. हौसाला ते सोसवेना. पाणी भरायचंय म्हणून ती उठून गेली.

घोडं अडलं की महिपत गोखले नाक्यावरच्या सायबर कॅफेत जायचा. तिथे इंटरनेटवर जगाच्या पाठीवरचे बाहुलीवेडे एकमेकांच्या अडचणी सोडवत बसलेले असायचे. तलवारी घेतलेल्या पऱ्या आणि शिंगवाले राक्षस बनवणारी ही हौशी मंडळी. महिपत मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायचा, मुठीचा अंगठा बसत नाही, काय करू? कोणी तरी भला माणूस लिहायचा की खांद्यापासून सुरुवात कर, मग कोपर, मग मनगट, मग बोटं, अंगठा सगळ्यांत शेवटी. कोपर उलटं वळत असेल तर प्रोग्राममधली मर्यादेची सोय चालू कर, म्हणजे माणसाचं वळेल तेवढंच वळेल. प्रोग्राममधले दिवे रंगीत असतात, ते विझवून एकच पांढरा ठेव, नाही तर बोटांमधल्या फटी दिसायच्या नाहीत. पाय हवेत तरंगताहेत? बाहुलीला जमिनीवर टेकवायचा हुकूम आहे, तो दे. आणि रेंडर करायच्या आधी सेव्ह कर बाबा, दर वेळी नव्या नावाने. राक्षसवाल्यांनी त्याला इतकी मदत केली, पण हा माणूस नुसते हातच का बनवतो असं कोणी विचारलं नाही, आणि यानेही सांगितलं नाही.

सेव्ह करायचं तो एकदा विसरला. दुपारभर खपून "पोटात दुखतंय" ही खूण बनवली होती आणि लाईट गेले. एरवी त्याने वीज मंडळाचा सात पिढ्यांसकट उद्धार केला असता. त्या दिवशी तो काळ्या पडद्यासमोर बसून रडला. हौसाने त्याला आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं. बायको गेली तेव्हाही तो रडला नव्हता.

पहिली चित्रं छापून झाली, तेव्हा ती योगिनीसमोर धरली. पोरीला एकही ओळखू येईना! हौसा करवादली, "डोंगर पोखरून उंदीर काढलास." महिपत चित्रं उलटीपालटी करून बघत बसला. हात बरोबर, बोटं बरोबर, मग चुकलं कुठे? शेवटी योगिनीच पुढे आली. तिने बाहुलीच्या डोळ्यांवर बोट ठेवलं, नको नको म्हणून मान हलवली, आणि बापाची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाहुली भलतीकडेच बघत होती. कोणी आपल्याकडे बघत नसेल तर ते आपल्याशी बोलत नाही, एवढा साधा हिशेब. महिपतने बाहुलीचे डोळे एक-एक करून समोरून बघणाऱ्याकडे रोखले. नवं चित्र बघताच योगिनीने टाळ्या पिटल्या आणि ताट-पाणी घेऊन आली. ते चित्र "भूक लागली"चं होतं.

त्यानंतर काम सुरू झालं ते झालंच. हौसाने हर्णैचा धंदा जावेवर सोपवला आणि ती रत्नागिरीतच राहिली. महिपत उशीला टेकून माऊस हलवायचा, हौसा शेजारी बसून चित्रासारखे हात करायची. बाहुली समोर तोंड करून उभी, त्यामुळे तिचा उजवा तो हौसाचा डावा व्हायचा. मग तो बाहुलीला पाठमोरी फिरवून दुसरं चित्र काढून द्यायचा. गणपतीपर्यंत हौसा योगिनीशी भांडण्याइतकी तयार झाली. एकदा अंघोळीवरून दोघींची अशी जुंपली की चारी हात नुसते भिरभिरत होते, आणि महिपत पोट धरून हसत होता. त्याला दुखत होतं, तरी हसत होता.

पण एक गोष्ट त्याला खात होती. त्याचं एक चित्र होईपर्यंत पोरगी नव्या खुणा काढून मोकळी व्हायची. पावसात पत्र्यावर नारळ पडला, लगेच त्याची खूण. कोणाच्या तरी चालण्याची खूण. तो म्हणायचा, "आक्का, ही बाय संपायचीच नाय गो. मी संपेन." हौसा म्हणायची, "गप रे. उरलेलं मी तिच्याकडनंच शिकेन."

दसऱ्याच्या आधी एका सकाळी तो गेला. चहा मागितला, हौसा करून घेऊन आली, तोवर संपलेलं होतं.

माणसं जमली. मिरकरवाड्यातून होडीवाले आले. योगिनी बापाच्या उशाशी बसून होती. ती रडत नव्हती, तो उठायची वाटही बघत नव्हती. मेलेलं माणूस तिला कळत होतं. उचलायची वेळ झाली, तशी ती एकदम उभी राहिली आणि हौसासमोर आली. तिने हौसाची नजर पकडली. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर आपटली, मग तळहात उघडून त्यावर फुंकर घातली, आणि बापाकडे बोट केलं. भुवया वर गेलेल्या. म्हणजे विचारत होती.

हौसाला कळलं नाही. योगिनीने पुन्हा केलं. दोन बोटं मनगटावर, फुंकर, बाप. हौसा धावत आत गेली, चित्रांचा गठ्ठा घेऊन आली आणि भर माणसांत जमिनीवर बसून एकेक बघायला लागली. मासा, ताप, लाईट गेले, भीती वाटते, कुशीत घे. शेजारच्या यमुनाबाई तिचा खांदा धरून म्हणाल्या, "गो हौसा, आता चित्रं कसली बघतेस? वेळ काय ही?" हौसाने त्यांचा हात झिडकारला. गठ्ठा संपला. मनगटावरची दोन बोटं त्यात कुठेच नव्हती.

तिने तिरडीकडे तोंड केलं आणि मोठ्यांदा विचारलं, "महिपता, काय म्हणते रे ही?"

योगिनी तशीच उभी, डोळे आतेवर लावून. माणसं खोळंबलेली. शेवटी हौसाने मान हलवली. हो.

योगिनीने एकदा नीट बघून घेतलं, खरंच हो म्हणते आहे ना म्हणून. मग तिचे हात खाली आले. ती बाजूला सरकली, आणि माणसांनी महिपतला उचललं.

आता दोघी हर्णैला असतात. योगिनी बंदरावर जाते, मासळी निवडते, आतेशी भांडते. तिला दुखलं-खुपलं हौसाला कळतं, भूक कळते, राग तर सगळ्या आळीला कळतो. महिपतचे कष्ट वाया गेले असं कोण म्हणेल? पण कधी ताटावर बसल्यावर, कधी वेणी घालताना मागे वळून, ती मधूनच ती दोन बोटं मनगटावर आपटते, तळहातावर फुंकर घालते आणि भुवया वर करून बघत राहते. काय गो, म्हणून हौसाने विचारलं की ती तेच पुन्हा करते, जरा सावकाश, बहिऱ्या माणसाला समजावून सांगावं तसं. मग हौसा मान हलवून हो म्हणते. आपण त्या पोरीला काय कबूल केलंय, ते तिला आजतागायत ठाऊक नाही.