जामखेडची नोंद बेलापुरात

दसरा झाला की आमच्या घराला कुलूप लागायचं. आई, आप्पा, धाकटा भाऊ आणि मी ऊसतोडीच्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून जामखेडचा भाग सोडायचो, ते गुढीपाडव्याच्या सुमारास परतायचो. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी, म्हणजे तेवढ्यापुरती झोपडी, आणि पहाटेपासून कोयते सुरू. भावाला सांभाळायला मी कोपीत. शाळेच्या हजेरीत माझं नाव असायचं, मी नसायचे. मी चौथीत असताना आईचं एक बोट कोयत्याखाली गेलं आणि चिंधी बांधून ती तिसऱ्या दिवशी परत फडात उतरली. त्या वर्षी आमच्या गुरुजींनी आप्पांना पारावर गाठलं आणि मला वसतिगृहात ठेवायला लावलं. आप्पा लगेच हो म्हणाले नाहीत. आई म्हणाली, "एक हात कमी झाला तर मी दुप्पट तोडीन." त्या वाक्यावर मी शिकले, हे मी कुठंही सांगते.

बी.ए.ला इतिहास घेतला तेव्हा चुलते म्हणाले, "मेलेल्या मानसांची कुंडली काढून पोट भरतंय व्हय?" हसले सगळे. मीही हसले. कॉलेजातले एक सर रविवारी सकाळी फुकट मोडी शिकवायचे. आम्ही बरेच जण सुरुवातीला होतो. दिवाळीनंतर बाकावर मी एकटीच उरले, तरी सर येत राहिले. एका मुलीसाठी एसटीनं येणारा तो माणूस मला अजून आठवतो.

पुढं कित्येक वर्षांनी आरक्षणाचा विषय पेटला. टीव्हीवर रोज तोच वाद, कुणबी कोण आणि मराठा कोण. दोन्ही बाजूंचे लोक इतिहासाचं नाव घेऊन ओरडायचे. आणि तो इतिहास मोडीतल्या दफ्तरांत बांधून पडलेला, वाचणारं माणूस सापडेना. पूर्वजाची कुणबी नोंद मिळाली, तर आमच्यासारख्या मराठ्यांना ओबीसीचा दाखला मिळणार होता. मला श्रीरामपूरकडच्या जुन्या नोंदी वाचायचं काम मिळालं. जन्ममृत्यूच्या वह्या. गावच्या कोतवालानं येऊन सांगावं आणि कुणीतरी लिहावं, अशा.

माझ्याबरोबर एक निवृत्त मास्तर होते, ओबीसीतल्या माळी समाजाचे. त्यांना हा सगळा प्रकारच पटत नव्हता आणि ते लपवायचेही नाहीत. चहाला बसलं की म्हणायचे, "कालपर्यंत पाटीलकी मिरवली, आज कुणबी आठवला तुमच्या लोकांना."

मी म्हणायचे, "आमच्या घरी पाटीलकी कोयत्यापुरतीच होती, सर."

"तुमच्या घरचं नाही बोलत मी."

"मग कुणाच्या घरचं?"

ते बशीत चहा ओतायचे. मला राग यायचा, पण खोटं सांगत नाही, त्यांची भीतीही कळायची. त्यांच्या नातवालाही जागा हवी होती.

त्याच सुमारास, अजून दर हंगामाला ऊस तोडायला जाणाऱ्या भावाच्या मुलीचं नाव नर्सिंगच्या यादीत लागलं. ती आधीच कुणबी म्हणून अर्ज करून बसली होती, आणि दाखला द्यायला जेमतेम दहा दिवस होते. दाखला नाही, तर जागा नाही. आमच्या गावचं जुनं दफ्तर वाळवीनं निम्मं खाल्लेलं. उरलेली पानं मी स्वतः दोनदा वाचली. आमच्या घरातलं कुणीच त्यात नव्हतं. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तू साऱ्या तालुक्याच्या नोंदी काढून दिल्या आन् आपल्याच घरची घावंना?" त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरशेजारच्या बेलापूरकडची एक वही वाचताना मी थांबले. सुगीच्या दिवसांतल्या जन्मांपुढे परगावचे पत्ते होते. आष्टी. पाथर्डी. जामखेड. म्हणजे ऊस यायच्या आधीपासूनच आमच्याकडची माणसं ज्वारी काढायला गोदावरी-प्रवरेच्या बाजूला उतरत होती. आमच्याकडचे आम्ही सगळे आपापल्या गावच्या वह्या उलटत बसलो होतो. वर्षाचे पाच-सहा महिने गावात नसलेल्या माणसांनी गावातच स्वतःला शोधायचं, ही चूक आमच्याकडचाच माणूस करणार. आणि मी इतिहासाची पदवीधर, मीही तीच केली.

आप्पांना फोन लावला. "आप्पा, आजोबा जन्मले कुठं?"

"गावातच की."

"खरं सांगा."

त्यांनी जवळ आलेली शेळी हाकलली, तिची घंटी फोनवर ऐकू आली. मग म्हणाले, "बेलापूरच्या अंगाला. लोकाच्या खळ्यावर. माझ्या आजीला सुगीत कळा सुरू झाल्या हुत्या."

"आधी का नाही बोललात?"

"काय सांगायचं त्यात? गावात म्हनले असते, ही बिनगावची हायेत."

तीन दिवसांनी नोंद हाती लागली. पण घरची नोंद आपणच वाचायची आणि बरोबर वाचली म्हणून आपणच सही करायची, हे मला नको होतं. मी वही मास्तरांपुढे सरकवली आणि आमची आहे हे सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला, भिंग घेतलं, अक्षरावर बोट न टेकवता सावकाश वाचलं. बापाचं नाव, आमचं गाव, तालुका जामखेड, जात कुणबी, मुलगा. मग पहिल्यापासून परत वाचलं.

"माझं मत बदललेलं नाही, बाई," ते म्हणाले. "पण लिहिलंय ते लिहिलंय." आणि त्यांनी सही केली.

त्यांना ती टाळता आली असती. आजारी आहे म्हणाले असते, तरी दहा दिवस निघून गेले असते. आमच्या घरावर त्या सहीचे उपकार आहेत आणि मी ते मानते. नाव माहीत नसलेल्या त्या कोतवालाचेही मानते. सुगीला आलेल्या परक्या बाईचं मूल त्यानं मोजण्याजोगं समजलं, म्हणून ते वहीत आलं.

संध्याकाळी आप्पांना नोंद वाचून दाखवली. नोंदीतलं आपल्या आजोबांचं नाव ऐकून ते म्हणाले, "खळं कुनाचं हुतं, ते लिवलंय का?" नव्हतं लिहिलेलं. "न्हाई तर जाऊन भेटलो असतो," म्हणाले.

दाखला मुदतीच्या आदल्या दिवशी मिळाला. पुढं जातपडताळणीही झाली. भाची आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरातून यंदा फडावर कुणीही गेलेलं नाही.